आधी मेन बंद

शेखर बोरस्ते सातपूरच्या कारखान्यातून मेंटेनन्स फिटर म्हणून निवृत्त झाले, पण यंत्रांनी काही त्यांना सोडलं नाही. कॉलनीत कुणाचा पंखा कुरकुरला की माणसं त्यांच्याच दारात. मुलाने अडगळीत टाकलेल्या लॅपटॉपवर त्यांनी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम बसवली, तेव्हा तर स्वारी हवेतच होती. अडलं ते वायफायपाशी.

आणि आज अडून चालणार नव्हतं. लग्नामुळे सुटलेलं बी.ए. ज्योत्स्नाबाईंनी इतक्या वर्षांनी पुन्हा धरलं होतं आणि संध्याकाळी त्यांचा पहिला ऑनलाइन तास होता. मोबाइलवर फळ्यावरची अक्षरं त्यांना दिसत नसत. मुलगा नवा लॅपटॉप घेऊन देत होता, तर शेखररावांनीच छातीठोकपणे सांगितलं होतं, "कशाला? हाच चालू करतो."

मागचं झाकण उघडून त्यांनी आतल्या वायफाय कार्डावरची धूळ झाडली. त्या जुन्या कार्डाला लागणारी फाइल लिनक्समध्ये नव्हती. ती इंटरनेटवरून घ्यायची, आणि कार्डाशिवाय इंटरनेट येईना. केबल लावायचं सॉकेट तर मुलाने कधीच मोडून ठेवलेलं. शेवटी शेजारच्या समर्थकडून पेनड्राइव्हवर फाइल आणली. लॅपटॉपने कार्ड ओळखलं, पण नेटवर्क एकही दिसेना. शेखरराव घामाघूम झाले. आपल्या हट्टापायी हिचा तास बुडणार, या विचाराने त्यांना चहासुद्धा गोड लागेना.

"अहो," ज्योत्स्नाबाई शांतपणे म्हणाल्या, "झाकण उघडायच्या आधी काय काय बंद केलं होतं?"

मिक्सर पुसायचा तरी आधी मेन स्विच पाडणाऱ्या माणसाशी त्यांनी संसार केला होता.

"चार्जर काढला, बॅटरी काढली..." शेखरराव थबकले. लॅपटॉपच्या पुढच्या कडेला वायरलेसचं नखाएवढं बटण होतं. तेही त्यांनीच सवयीने बंद केलं होतं.

बटण सरकवताच निळा दिवा लागला आणि अख्ख्या कॉलनीची नेटवर्कं हजर झाली. शेखरराव ओशाळले. ज्योत्स्नाबाई मात्र पोट धरून हसल्या.

तासभर ते दाराबाहेर स्टुलावर बसून होते. हजेरीत नाव आलं तेव्हा ज्योत्स्नाबाईंनी "हजर" म्हटलेलं ऐकू आलं, आणि त्यांनी स्टूल दाराच्या आणखी जवळ ओढलं.

तास संपला. "अहो, बंद कसं करायचं हे?" ज्योत्स्नाबाईंनी आतून विचारलं.

"राहू दे आज," शेखरराव म्हणाले. "असू दे चालू."