नामाच्या डोक्याची फाइल

वाल्मिक मास्तर शहापुरात कॉम्प्युटर क्लास चालवायचा. मी तिथेच टायपिंग शिकवायचो. फायलीच्या नावात टिंबापुढची अक्षरं म्हणजे तिचं आडनाव, त्यावरून तिचं कूळ ओळखायचं, हे त्याचं आवडतं वाक्य. "मला माहीत नाही" एवढं मात्र त्याच्या तोंडून कधी निघालं नाही.

२००४च्या उन्हाळ्यात किन्हवलीची हिराबाई नवऱ्याच्या, नामाच्या, डोक्याच्या स्कॅनची सीडी घेऊन आली. त्याच्या डोक्यात गाठ निघाली होती. मुंबईच्या डॉक्टरने बजावलं होतं, सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढू, जुन्याशी ताडून बघू, गाठ वाढली असेल तर लगेच ऑपरेशन. तोवर सीडी जपा.

"मास्तर, चांगली हाय ना, बगा तेवढी."

सीडीतल्या फायलींचं आडनाव होतं डीसीएम. डॉक्टरी फोटोंचं कूळ वेगळं, ते उघडायला प्रोग्रामही वेगळा लागतो. वाल्मिकला हे ठाऊक नव्हतं. त्याने फायली आपल्या मशीनवर उतरवल्या आणि डीसीएम पुसून साध्या फोटोंचं जेपीजी लावलं. आडनाव बदललं म्हणून आतला माणूस बदलतो का? एकही फोटो उघडेना. समोर पोरं बसलेली.

"सीडी खराब आहे," त्याने ठोकून दिलं. "टाकून द्या."

हिराबाईने टाकली नाही. भात पोसवलं तेव्हा पाखरं उडवायला शेतात टांगली. उन्हापावसात तिचा चकचकीत थर सोलून निघाला.

दिवाळीनंतर डॉक्टरने नवा फोटो काढला आणि ताडायला जुनी सीडी मागितली. स्कॅन सेंटरवाल्यांनीही जुने फोटो ठेवले नव्हते. नुसत्या रिपोर्टवर मी डोकं उघडत नाही, डॉक्टर म्हणाला, आणखी तीन महिने थांबून बघू. त्या तीन महिन्यांत नामाचे डोळे गेले. शिमग्याच्या आत नामाही गेला.

"मास्तरांनी बगितलं म्हनून सीडी खराब हाय ते कळलं तरी," हिराबाई सांगत फिरायची. दर दिवाळीला ती त्याला नव्या भाताचे पोहे आणून द्यायची.

चार वर्षांनी मशीन साफ करताना वाल्मिकला त्या फायली सापडल्या. डॉक्टर सीडी मागत होता तेव्हाही त्या इथेच होत्या, धडधाकट. आता त्याच्याकडे तो प्रोग्राम आला होता. त्याने आडनाव पूर्ववत केलं आणि पडद्यावर नामाचं डोकं आलं, एकेक काप, गाठीसकट. त्याने मला बोलावून दाखवलं.

"हिराबाईला सांग," मी म्हटलं.

"आता सांगून नामा येणार आहे का?"

त्याने फायली पुसल्या. मला त्याची कीव नाही आली, चीड आली. टेबलाखाली हिराबाईच्या पोह्यांची पिशवी होती. घरी जाताना त्याने ती आठवणीने उचलली.