जबड्याचं दुखणं

बामाचा वास आला की कापूसवेचणीची ती दुपार आठवते. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते, सुट्टीत घरी आले होते. वेचता वेचता आई धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसली, घामानं निथळत. "पाठ अन् जबडा लय दुखून राह्यला." काकू बाम चोळत म्हणाली, "कमरेला कापसानं भरल्या ओटीचं वझं हाय ते." मी विचारलं, "छातीत दुखते?" "नाही." बाबांना झटका आला तेव्हा त्यांनी छातीच धरली होती, म्हणून सगळे निर्धास्त. आणि मला एकदम वर्गातलं आठवलं, बायांना कधीकधी छातीत न दुखताही झटका येतो! मी किंचाळलेच, "काकू, बाम राहू दे, ऑटो बोलाव!" यवतमाळला ईसीजीचा कागद पाहून डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलं." आता शेजारीण नुसती जबडा दुखतो म्हणाली, तरी माझ्याआधी आईच ओरडते, "बाम नको, ऑटो!"