माळकऱ्याच्या हातचे पाइप

तंबाखूच्या जुन्या पाइपच्या पोटात काजळीचा थर बसत जातो. रोजच्या रोज तो नजरेस पडत नाही. एके दिवशी वाट अडते, आणि मग कळते की आत किती साठले आहे. आम्हां तिघांच्या छंदातल्या गोष्टींचेही असेच झाले. आता खरवडायला बसलोच आहे, तर दर्पही सोसला पाहिजे.

तिघे म्हणजे कोण? अकोल्याचे नाना, पाटबंधारे खात्यातले निवृत्त अभियंते. ते जुने पाइप जमवीत आणि ओढीतही. परतवाड्याचे सलीमभाई, त्यांच्या खरादावर एरवी खाटांचे पाय आणि लाटणी उतरत, आमच्यासाठी पाइपच्या नळ्या. आणि अमरावतीचा मी, निवृत्त शिक्षक. माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे. तंबाखूचा कण आजवर जिभेला शिवलेला नाही. तरीही तीस वर्षे मी जळके, फुटके, भंगारातले पाइप घासून उजळीत आलो. मी देवघरातल्या मूर्ती किती निगुतीने घासतो हे नानांनी पाहिले आणि पहिला पाइप माझ्यापुढे ठेवला. मी माळेकडे बोट दाखवले.

"दोष धुराचा हाये मास्तर," नाना म्हणाले. "लाकडानं काय केलं?"

ते मला त्या दिवशी पटले. अजून पटते की नाही, सांगता येत नाही.

*

पाइपची नळी आतून पुसायला मऊ, लांब काडी लागते. ती अमरावतीत मिळेना. त्या वर्षी आमच्या घरी लाख वातींचा संकल्प होता. पत्नी दुपारभर कापूस पिंजून वाती वळीत बसे. एक लांब वात मी सहज स्पिरिटमध्ये बुडवली आणि नळीत सरकवली. इतकी मापात बसली की जणू त्यासाठीच वळली होती! मग रोज चार-दोन वाती उचलू लागलो.

संकल्प सिद्धीस जायच्या वेळी संख्या जुळेना. तिने दोनदा मोजल्या. तिसऱ्यांदा मोजताना तिचे डोळे भरून आले. आपल्याच सेवेत खोट राहिली, असे तिला वाटले. तेव्हा मला कबूल करणे भाग पडले. ती रागावली नाही. माझ्या टेबलाखालच्या डब्यातून तिने काळ्याकुट्ट झालेल्या वाती एकेक करून वेचल्या आणि ओंजळीत धरून मला दाखवल्या.

"ह्याबी कामी आल्या म्हना," ती म्हणाली. "फक्त उजेड नाही पडला."

*

चिखलदऱ्याला एका जुन्या बंगल्याच्या राखणदाराकडे साहेबाच्या काळातला पाइप आहे, अशी बातमी सलीमभाईंनी आणली. परतवाड्याहून आम्ही तिघेही जीपमध्ये दाटीवाटीने बसून गेलो. म्हाताऱ्या राखणदाराने मोठ्या अगत्याने आत नेले.

पाइप कोनाड्यात होता. त्याला शेंदूर फासलेला, पुढे झेंडूचे ताजे फूल. राखणदाराच्या आजोबांनी साहेबाची चाकरी केली होती. साहेब निघून गेला, पाइप मागे राहिला, आणि तेव्हापासून घरावर त्याची कृपा आहे, असे तो म्हातारा श्रद्धेने सांगत होता. जन्माच्या सवयीने माझे हात जोडले गेले आणि मस्तकही लवले.

नाना सौद्याला सुरुवात करायची म्हणून खाकरले. सलीमभाईंनी त्यांचा हात दाबला आणि माझ्या कानाशी लागून म्हणाले, "मास्तर, तुमी त पाया पडले. आता इकत कसा मांगता?"

चहा पिऊन आम्ही रिकाम्या हातांनी परतलो. परतीच्या वाटेवर नाना सारखे खोकत होते. आम्ही डोंगरावरच्या गार हवेला दोष दिला.

*

माझ्या हाताची कीर्ती अकोल्यात पसरली, तशी एक वृद्ध बाई नानांच्या घरी आल्या. त्यांचे यजमान डॉक्टर होते. वर्षापूर्वी निवर्तले होते. त्यांचा पाइप पेटीत पडून खराब होत होता. तेवढा नीट करून द्या, म्हणाल्या.

मी पंधरा दिवस खपलो. तंबाखू भरायच्या वाटीतली काजळी काढली, वास जावा म्हणून आठवडाभर मिठात ठेवला, लाकडाला मेण चढवले. नळीच्या टोकावर डॉक्टरांच्या दातांच्या खोल खुणा पडल्या होत्या. त्या भरून काढल्या, बारीक पॉलिश पेपरने सपाट केल्या. एवढे निर्दोष काम माझ्या हातून पुन्हा झाले नाही.

बाईंनी पाइप नाकाशी नेला. मग अंगठ्याने नळीचे टोक चाचपले. पुन्हा चाचपले.

"छान झालं," त्या म्हणाल्या, आणि पाइप तिथेच विसरून गेल्या. नाना तो पोचवायला गेले, तर त्यांनी दार उघडले नाही.

*

नानांचा खोकला गारव्याचा नव्हता. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकले आणि श्वासासाठी गळ्याला एक छिद्र ठेवले. संतांनी वाणीचे चार प्रकार सांगितले आहेत. नानांची वैखरी गेली, उरलेल्या तिन्ही आम्हां पामरांना ऐकू येत नव्हत्या. ते पाटीवर लिहू लागले.

मी तीस वर्षे ज्याला चकाकी देत होतो, तेच माझ्या मित्राच्या गळ्यात उतरत होते. मी हत्यारांची पेटी घेऊन अकोल्याला गेलो आणि त्यांच्यापुढे ठेवून म्हणालो की ही आता कुठेतरी बुडवून टाकतो. नामस्मरणाला बसलो तरी मन लागत नाही, हेही सांगितले.

नानांनी पाटी ओढली. लिहिले, "ओढले मी. पाप तुला काहून पाहिजे?"

मी हसलो. ते हसले, तर गळ्याच्या छिद्रातून नुसती शीळ आली. मग मला हसवेना.

*

गेल्या रमजानातली गोष्ट. दुखणे उलटले होते आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. नानांनी पाटीवर लिहिले, "माझा पहिला पाइप. डोळ्यांदेखत होईल?" लग्नाच्या वर्षी घेतलेला पाइप तो. लाकडाला चीर गेलेली, नळी तुटलेली, आतली वाट बुजलेली.

सलीमभाई रोजे धरूनही खरादावर बसले. शिंगाची नळी दोनदा फुटली, तिसऱ्यांदा साधली. मी चीर सांधली. तिकडे नानांचे गिळणे बंद झाले. दर फेरीला ते पाटीवर फक्त प्रश्नचिन्ह काढून दाखवीत. पुढे तेही वाकडे येऊ लागले.

अखेर पाइप घेऊन आम्ही दोघे अकोल्याला पोचलो. दुपारचे तीन वाजले होते. शेवटची परीक्षा राहिली होती. पंपाने फुंकले तर वाट आहे एवढेच समजते. हवा सुखाने येते की नाही, ते रिकामाच ओढून पाहणाऱ्या ओठांना समजते. एरवी ते काम सलीमभाईंचे.

"रोजा हाय, मास्तर," ते हळूच म्हणाले. "सूरज डुबेपर्यंत थांबा."

नानांनी पाटीवर एकच शब्द लिहिला, "आता."

सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिले. माझा हात माळेवर गेला. नानांच्या छातीचा आणि मुखाचा संबंध तर कधीच तुटला होता. जन्माचे पाइपवेडे आम्ही तिघे, आणि एकालाही पाइप ओढता येईना!

नानांच्या पत्नी, आमच्या वहिनी, दारात उभ्या होत्या. चाळीस वर्षांत त्यांनी घरातल्या एकाही पाइपला बोट लावले नव्हते. टेबल पुसताना वाटेत आला, तर चुलीजवळचा चिमटा आणून उचलीत. त्या पुढे आल्या आणि माझ्या हातातून पाइप घेतला. खाटेच्या कडेला बसल्या, नळी ओठांत धरली, डोळे मिटले आणि ओढ घेतली. त्यांचे गाल आत गेले. पुन्हा एकदा घेतली.

"मोकळा हाये," त्या म्हणाल्या.

पुसायला म्हणून मी रुमाल पुढे केला. तो त्यांनी घेतला नाही. पाइप तसाच नानांच्या ओठांत ठेवला.