म्हैसमाळचा कडा आणि दुपारचं आभाळ

मे महिन्यात डोंगरात जायचं म्हटलं की घरचे पहिला प्रश्न उन्हाचा काढतात. मला मात्र धास्ती असते ती दुपारनंतर येणाऱ्या वळवाची. सकाळी लख्ख असलेलं आभाळ तीन-चारच्या सुमारास काळं होतं, आणि म्हैसमाळच्या उघड्या पठारावर विजेपुढं माणूसच सगळ्यात उंच ठरतो. म्हणून मी आणि माझ्या धाकट्या बहिणीनं, वैशालीनं, बेत असा आखला: पहाटे निघायचं, बाराच्या आत वर खोलीवर पोचायचं, मुक्काम करायचा आणि कडा दुसऱ्या दिवशी सकाळी बघायचा.

पडेगावला आमच्या घरासमोरून पहिली एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळं प्रवास स्वस्तात होतो. खुलताबादला उतरून गरम भजी आणि चहा घेतला, पाण्याच्या बाटल्या भरल्या आणि चालायला लागलो. रस्ता बारा-तेरा किलोमीटरचा, वळणावळणाचा. पाठीवर ओझं असेल तर चार तास धरा. वाटेत पाण्याचा भरवसा नाही, माणशी तीन लिटर घ्याच.

साडेअकराला वर पोचलो. खोली साधीच, पण झुणका-भाकर मिळाली. इथवर सगळं बेताप्रमाणं. मग वैशालीनं मोबाइल पुढं केला.

"तायडे, पाऊस चार वाजता दाखवतंय. कडा बघून दोनला परत."

मी नको म्हणायला हवं होतं. पण कडा मलाही बघायचा होता.

दीडच्या सुमारास आम्ही कड्याजवळ होतो. खाली शेतांचे चौकोन, तळी, लांबवर धूसर डोंगर. जवळच एक बाई शेळ्या चारत होत्या. गयाबाई त्यांचं नाव, साठीच्या असाव्यात. आम्हाला बघून म्हणाल्या, "पोरीहो, निघा इथनं. हवेचं काय खरं नाय."

"मावशी, मोबाइलवर चारला दाखवतंय," वैशाली म्हणाली.

"त्याला काय म्हाईत? वारं पडलं. शेळ्या चरायच्या थांबल्या. माशा बघ कशा चावायल्यात."

खरंच, पान हलत नव्हतं. मला कुतूहल वाटलं, अजून काय काय बघता म्हणून विचारत बसले. त्यातच दहा मिनिटं गेली. मागं वळून बघितलं तर डोंगरामागून काळा ढग वर चढला होता.

पहिला कडकडाट झाला तशी वैशाली एका एकट्या झाडाकडं पळाली.

"झाडाखाली नगं!" गयाबाई ओरडल्या. "गेल्या साली माझ्या सात शेळ्या अशाच झाडाखाली गेल्या. त्या घळीत उतरा. आन् एका जागी नगं, लांब लांब बसा."

त्या स्वतः काठीनं कळप पांगवत होत्या. आम्ही चालायच्या लोखंडी काठ्या लांब टाकल्या आणि कोरड्या घळीत, मधला पाणी वाहायचा भाग सोडून, पाठपिशव्यांवर पाय जवळ घेऊन उकिडव्या बसलो. वैशाली माझ्यापासून तीस-चाळीस पावलांवर. तिला माझा हात धरायचा होता, आणि मी नाही म्हणाले. इतकं अवघड काही मी बऱ्याच वर्षांत केलं नव्हतं.

गारा सुरू झाल्या. समोरचं दिसेना. मी हाक मारायची, "वैशे!" ती ओरडायची, "हाय!" मधेच वरून गयाबाईंचा आवाज यायचा, "हायत का गं दोघी?" आम्ही ओरडायचो, "हाय, मावशी!" एकदा वीज इतकी जवळ पडली की कान बधिर झाले. त्यानंतर वैशालीचा आवाज यायला जो वेळ लागला, तो मला अजून आठवतो.

तासाभरानं उघडलं. गयाबाई चिंब होऊन शेळ्या मोजत होत्या. सगळ्या होत्या. "जावा आता, चहा प्या," एवढंच म्हणून त्या उताराला लागल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघून कडा पुन्हा बघितला. धुऊन निघालेला, स्वच्छ. बाराच्या आत खुलताबाद आणि दोनला घर. तुम्ही जाणार असाल तर आमचं आधी ठरलेलं वेळापत्रकच पाळा, आणि वर शेळ्या चारणारं कुणी भेटलं तर आधी त्यांना विचारा.

घरी ओले कपडे वाळत घालताना वैशाली एकदम थांबली.

"तायडे, मावशी सारखं विचारत होत्या ना, हायत का म्हणून?"

"हो."

"आपण त्यांना एकदाही विचारलं नाही."