आत्यानं ऐकलेली वटवाघळं

निर्मलाआत्या गेली, त्याला आता महिना होऊन गेला. फोन आला तेव्हा मी धाराशिवला माझ्या स्टुडिओत एका भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग करत होतो. हेडफोन काढले आणि काचेपलीकडच्या हलत्या ओठांकडं नुसता बघत राहिलो...

आत्या आमच्या धाराशिवकडच्या वाशीच्या दवाखान्यात नर्स होती. निवृत्तीनंतर तिचे कान हळूहळू गेले. बोललेलं कळायचं, पण बारीक, उंच आवाज बंद झाले. एकदा म्हणाली, "चिमण्या दिसतेत, चोची हालतेत, पण आवाजच न्हाय रे." मन रमावं म्हणून मी तिला एक रेकॉर्डर दिला. आठवड्यानं त्याच्या पडद्यावरचा आकडा वाचून तिचा सवाल आला, "ह्ये अठ्ठेचाळीस हजार म्हंजी काय?"

"यंत्र एका सेकंदात आवाज तितक्या वेळा मोजतं. त्याच्या निम्म्या कंपनांपर्यंतचाच आवाज त्याला पकडता येतो."

"म्हंजी चोवीस हजार. वटवाघूळ तर त्याच्या लई वर बोलतं. मग त्ये कसं गावायचं?"

वीस वर्षं या धंद्यात काढून मला हा प्रश्न कधी पडला नव्हता. तिनं हट्टानं सेकंदाला दोन लाख छप्पन हजार वेळा मोजणारा माइक मागवायला लावला आणि दिवेलागणीला आम्ही सोनारीजवळच्या एका जुन्या बारवेवर गेलो. पहिल्या खेपेला मीच चुकलो. गेन, म्हणजे माइकनं आवाज किती वाढवून घ्यायचा ती पातळी, चढा ठेवला, आवाज फाटला. वर फाइल एमपीथ्रीत साठवली, त्या दाबलेल्या फाइलीनं उंच आवाज गाळूनच टाकले. दुसऱ्या खेपेला गेन उतरवला, फाइल न दाबता वेव्हमध्ये ठेवली. बारवेतून वटवाघळं निघाली. आत्याला काही ऐकू येईना, मलाही नाही... पडद्यावरच्या आवाजाच्या पट्ट्या मात्र उसळत होत्या.

पायरीवर बसून मी तोच आवाज वीसपट हळू लावला आणि हेडफोन तिच्या कानांवर चढवले. ती एकदम ताठ झाली. माझं मनगट घट्ट धरलं.

"आरं, ह्ये तर चिमण्यांवानी बोलतेत!"

मग मी ऐकलं. ज्याला मी शांतता समजून बसलो होतो, ती हाकांनी गच्च भरलेली होती. आत्या रडत होती, हसतही होती.

प्रत्येक फाइलीच्या सुरुवातीला ती पेशंटचा कागद वाचावा तशी नोंद बोलायची. परवा घरी तिची शेवटची फाइल उघडली. "बारव, सोनारी. दीस मावळलाय. दोन लाख छप्पन हजार. गेन कमी. वारा न्हाय. आता कुणी बोलू नका..."

घरात मी एकटाच होतो. तरी फाइल संपेपर्यंत खोकलोसुद्धा नाही.