कडूकंदाच्या दोन टोपल्या

शास्त्रज्ञांना मूर्खासारखे प्रश्न विचारणं हा माझा धंदा आहे. मी विनोदवीर. मोबाइलवर आमचा कार्यक्रम चालतो: समोर एखादा शास्त्रज्ञ, आणि त्याला मी जीवन, निसर्ग, विश्व यांबद्दल काहीबाही विचारतो. ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या एका सरांना मी विचारलं होतं, कृष्णविवर जास्त खोल की मोखाड्याच्या रस्त्यावरचा खड्डा. बिचारे कसनुसं हसले. माणूस अख्ख्या हयातीचा अभ्यास घेऊन समोर बसलेला असतो आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत असतो, कधी फजिती होते म्हणून. तेव्हा मला ही हुशारी वाटायची.

खरं तर मी मोखाड्याकडच्याच एका पाड्यावरचा. ते कार्यक्रमात बोलायचं नाही, असं निर्मात्याने बजावलं होतं. "तू शहरी बावळट आहेस. तुला काही म्हणजे काही माहीत नाही, म्हणून लोक हसतात." मला अपमान वाटला नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं, आणि आज त्याचीच शिसारी येते.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता जव्हारला चित्रीकरण ठरलं. रानातल्या कंदांवर वर्षानुवर्षं काम केलेल्या वनस्पतिशास्त्राच्या एक बाई होत्या. मागे डोंगर दिसतात म्हणून गावाजवळच्या शिरपामाळावर खुर्च्या मांडल्या. बाईंनी सोबत वावर गावाकडची एक आजी आणली होती. "मला जे येतं ते यांनी शिकवलंय," बाई म्हणाल्या, "प्रश्न यांनाच विचारा." निर्मात्याने आजीला टोपल्यांसकट मागे नेऊन बसवलं, शोभेला.

टोपल्या दोन होत्या, दोन्हींत कडूकंद. हा कंद कच्चा खाल्ला तर घसा धरतो, ओकाऱ्या होतात. म्हणून चकत्या करून राख घालून उकडायचा, मग टोपलीत भरून रातभर ओहोळाच्या वाहत्या पाण्यात ठेवायचा. एका टोपलीतला पाण्यातून निघालेला होता, दुसरीतला नुसता उकडलेला, दाखवायला आणलेला. कुठली टोपली कोणती हे मला कुणी सांगायची गरज पडली नाही. लहानपणी याच कंदावर आम्ही दिवस काढलेत. आई पहिली चकती स्वतः खायची, थोडा वेळ गप्प बसायची आणि मगच आमच्या ताटलीत वाढायची. तेवढा वेळ आम्ही भावंडं भुकेल्या पोटी तिच्या तोंडाकडे बघत असायचो.

मी बाईंना विचारलं, "विश्वात आपल्यासारखं आणखी कुणी असेल का हो?"

"ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "मला आधी हे शोधायचंय, की असल्या कंदातून जेवण काढायची रीत कुणाला सापडली. त्यासाठी किती जणांनी आधी चाखून बघितलं असेल!"

इतकं सुंदर उत्तर मला आजवर कुणी दिलं नव्हतं. पण निर्माता हातवारे करत होता, कंटाळवाणं होतंय म्हणून. मी उठलो आणि नुसत्या उकडलेल्या टोपलीत हात घातला.

"ए पोरा, तो नाय! अजून कडू हाय तो!" आजी ओरडली.

मी कॅमेऱ्याकडे बघून डोळा मारला आणि दोन चकत्या तोंडात कोंबल्या. एखादी उलटी होईल, हशा पिकेल, एवढाच माझा विचार.

उलटी एक नाही, चार झाल्या. गुडघ्यांवर बसून ओकलो, नाकाडोळ्यांतून पाणी. आजी माझी पाठ चोळत होती. कार्यक्रमात तिचं ओरडणं कापलं, पाठ चोळणंही कापलं. उरलं ते एवढंच: आजी, टोपली, मी खातो, मी ओकतो. वर मथळा, 'जंगलातलं विष'. लोक पोट धरधरून हसले. स्वतःला ओकताना बघून मीही हसलो.

काही दिवसांनी बाईंचा फोन आला. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. "आजी जव्हारच्या बाजारात उकडून, पाण्यातून काढलेले कंद विकतात. आता लोक त्यांना विषवाली म्हणतात, कुणी घेत नाही. त्यांनी तुम्हाला अडवलं होतं, एवढंच जाहीर सांगा." मी हो हो म्हणालो. निर्माता म्हणाला, "जाऊ दे, विसरतील लोक." आणि मी जाऊ दिलं. खरं बोललो असतो तर आजीने अडवूनही का खाल्लं असं कुणीतरी विचारलं असतं आणि हा गडी इथलाच, कंद ओळखणारा, हे उघडं पडलं असतं. माझं पोट त्या सोंगावर होतं. आजीचं टोपलीवर होतं.

शेवटी एका बाजाराच्या दिवशी एसटीने जव्हारला गेलो. आजी रस्त्याच्या कडेला बसली होती. एक बाई थांबली, टोपलीत वाकून बघायला लागली. आजीने एक चकती उचलून खाल्ली आणि तोंड उघडून दाखवलं. "बघ, मी खाल्ला. आता तू घे." बाई निघून गेली. मग एक माणूस थांबला. पुन्हा चकती, पुन्हा तोंड उघडून दाखवणं. आईने लेकरांसाठी करायचं ते ही म्हातारी परक्या माणसांपुढे करत होती. मला स्वतःची इतकी किळस आली की पळून जावंसं वाटलं.

पळालो नाही. मोठ्याने ओरडून सांगितलं, "ऐका! तो व्हिडिओतला मीच. मी इथलाच आहे, मला हा कंद कळतो. आजी अडवत होती, मी मुद्दाम कडू खाल्ला!"

लोक जमले. मला ओळखलं आणि हसायला लागले. "अरे, तोच तो! पुन्हा खाऊन दाखव ना!" मी शपथ घेतली, हात जोडले. जितका कळवळून बोललो तितके ते जास्त हसले. मग मी टोपलीतली एक चकती उचलली, तसे सगळ्यांचे मोबाइल वर झाले.

आजीने माझं मनगट धरलं. "थांब पोरा. आधी मी खाते."

तिने अर्धी चकती खाल्ली, थोडा वेळ गप्प बसली आणि उरलेली माझ्या हातात दिली. मी खाल्ली. सगळे माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले. मला काहीच झालं नाही. मग लोकांनी मोबाइल खिशात टाकले आणि कंद न घेताच ते पांगले.