लाल डोळ्यांना पोर मिळणार नाही

"आधी चावी," म्हणून पाळणाघराच्या मावशी हात पुढे करत. नमस्कार नाही, या-बसा नाही. मोटारसायकलवरून पोर न्यायला आलेला माणूस कुणीही असो, गाडीची चावी त्यांच्या हातावर ठेवल्याशिवाय पोर समोर येत नसे. मग त्या चावी मुठीत धरून त्याच्या डोळ्यांत बघत. डोळे बरे असले तर चावी आणि पोर दोन्ही मिळे. लाल असले तर चावी तांदळाच्या डब्यात जाई आणि त्या माणसाला चटई मिळे. "आधी झोप भाऊ. मग ने."

सिल्वासात राहिला असाल तर हे डोळे तुम्हीही पाहिले असतील. बदलीचा कामगार आला नाही की डबल शिफ्ट. सोळा तास मशीनपुढे उभा राहिलेला बाप ट्रकांच्या मधून घरी निघतो, आणि पुढे टाकीवर दोन वर्षांचं पोर.

तिथल्याच सामरवरणीत दोन खोल्यांत त्यांचं पाळणाघर होतं. हिंदी बोलणाऱ्या बायका त्यांना मौसी म्हणत, गुजराती मासी, आम्ही मावशी. मूळच्या शहाद्याकडच्या. चावीच्या नियमामागे काहीतरी दुःखाची गोष्ट असणार, असा माझा अंदाज होता. गोष्टी जमवायची मला खोडच आहे. एकदा आवाज हळवा करून विचारलं, "मावशी, कुणाचं काही झालं होतं का?"

"काही नाही झालं," त्या म्हणाल्या. "व्हायला कशाला पाहिजे? डोळे दिसतात ना."

मी त्यांच्याकडे जाऊ लागलो तो तारे वाटायला. घरगुती पाळणाघरं तपासायची आणि एक ते पाच तारे द्यायचे, हे माझं सरकारी काम. घरी बायको मला दीड ताऱ्याच्या वर जाऊ देत नाही, तो भाग वेगळा. पहिल्या तपासणीत प्लगची जमिनीपासून उंची मोजायला मी गुडघ्यांवर बसलो आणि मला उठता येईना. दोन पोरांनी हात धरून ओढलं. "पोरं धट्टीकट्टी आहेत, हे पन लिहा साहेब," मावशी म्हणाल्या. फिनेल उंचावर, गॅस पडदीच्या आड, कडी जागच्या जागी. मी तीन तारे दिले. मैदान असतं तर चार दिले असते.

मग तक्रार आली.

किलवणीचा एक बाप डबल शिफ्ट करून पोर न्यायला आला होता. ओळखपत्र दाखवलं, चावी दिली, आणि चावी डब्यात गेली. तो चिडून चटईवर बसला आणि बसल्या बसल्या आडवा झाला. तीन तास पोरांच्या रांगेत घोरला, उठून चहा प्यायला आणि मुकाट्याने लेकीला घेऊन गेला. घरी भावाने हसून विचारलं, "काय रे, तुझंपण नाव घातलं का पाळणाघरात?" दुसऱ्या दिवशी अर्ज आमच्या टेबलावर. 'माझ्या मुलीला अडकवून ठेवले.'

आता नियम असा, की पालकाने ओळखपत्र दाखवताच मूल ताब्यात द्यावे. त्यात डोळ्यांचा रंग नाही. आमचे साहेब म्हणाले, "माफीपत्र आणा. नाहीतर नोंदणी रद्द." म्हणजे अकरा पोरं रस्त्यावर आणि अकरा आया कामाविना.

मी माफीपत्र स्वतःच लिहून नेलं. दोनच ओळी. मावशी मांडीवर एका पोरीला थोपटत होत्या.

"अक्षर झकास आहे तुमचं," त्या वाचून म्हणाल्या.

"सही करा, मावशी. प्रकरण मिटतं."

"यापुढं असं करणार नाही, असं लिहिलंय. पन मी तर करणार."

"करा की. सहीपुरतं म्हणा."

"तुम्ही तपासणीला येता का खोटं शिकवायला?"

मी पेनाला टोपण लावलं. मग सहज विचारावं तसं विचारलं, "त्या माणसाने आता लेक कुठे ठेवली?"

मावशींनी मांडीकडे बोट दाखवलं. "रोज आणून सोडतो. माझ्याशी बोलत नाही फक्त."

मग कागद उलटा करून त्यांनी माझ्यासमोर सरकवला. "लिहा. बाप असो की साहेब, डोळे लाल असतील तर पोर मिळणार नाही. ज्याला चालत नसेल त्यानं पोर ठेवू नये." मी लिहिलं. खाली त्यांनी पूर्ण नाव घालून सही केली.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. "हे अक्षर तुमचं आहे," ते म्हणाले. मी म्हणालो, "हो." नोकरीत मी दाखवलेलं धैर्य ते एवढंच. अर्जदाराला बोलावणं गेलं. मुलगी दुसरीकडे ठेवणार का, असं विचारल्यावर त्याने खाली बघत नकारार्थी मान हलवली. नोंदणी राहिली. तारे मात्र तिनावरून एकावर आले.

नियमाप्रमाणे तारा दारावर लावायचा. मावशींनी तो लावला आणि त्याच्या शेजारी त्याच कागदाची झेरॉक्स चिकटवली. नवी आई दाराशी आली की आधी तारा वाचायची, मग कागद, आणि मग पोर आत सोडायची. एकही पोर गेलं नाही. उलट पुढच्या वर्षी मावशींना दोघांना नाही म्हणावं लागलं.

या वर्षी मावशी लेकीकडे शहाद्याला गेल्या. गुडघे संपले. पाळणाघर बंद झाल्याचा अहवालही माझ्याच वाट्याला आला. बंद होण्याची कारणं छापील होती: नोंदणी रद्द, नियमभंग, इतर. मी फोन लावला.

"इतरमध्ये काय लिहू, मावशी? तब्येत लिहू?"

मागे नातवंडाचा दंगा चालू होता. त्याला गप्प करून त्या म्हणाल्या, "लिहा, मी बंद केलं. ऑफिसनं नाही."

रकाना अर्ध्या इंचाचा होता. मी समासात लिहिलं.